कोमट लोखंड

मी थापाड्या माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी माझ्या बायकोकडे चौकशी करायला नको. ती फार मनापासून उत्तर देते.

जन्म ट्रक चालवण्यात गेला. ढाब्यावर चार ड्रायव्हर बसले की भुताच्या गोष्टी माझ्याकडून ऐकायच्या, असा रिवाजच होता. घाटात एका बाईनं हात केला आणि ती ट्रकच्या टपावर बसून गावापर्यंत आली, ही गोष्ट तुम्ही कुठं ऐकली असेल तर ती माझीच. बिनडोक्याच्या म्हशीची, तीही माझीच. दोन्ही साफ खोट्या. त्या घाटात मी म्हैस कधी पाहिलेलीच नाही, डोक्यासकटसुद्धा.

पण ही गोष्ट मी रचलेली नाही.

रचली असती तर रात्रीची रचली असती. अमावस्या घातली असती. एखादं कुत्रं रडवलं असतं.

ही घडली सकाळी.

थंडीतली सकाळ होती. लोक दुधाच्या पिशव्या घेऊन घरी चालले होते. समोरचा शिंपी दुकानाचं शटर वर ढकलत होता. माझ्या धाकट्या बहिणीच्या दारापुढं, भर गल्लीत, माझ्या या डोळ्यांनी मी ते पाहिलं. आणि त्या सकाळचा शेवट अजून झालेला नाही. म्हणून तर लिहायला बसलो.

बहिणीला घरात सगळे चिमी म्हणतात. आता केस पिकले तरी चिमीच. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात होते. भट्टीत लोखंड वितळवायचं, त्याचा रस साच्यांत ओतायचा. पंपांचे सांगाडे, यंत्रांचे पाय, गटारांची झाकणं, असला माल. कारखान्यात त्यांना 'पैलवान' म्हणायचे. कारण वारा सुटला की त्यांना धरून ठेवावं लागेल असा देह होता. लग्नात हार घातला तेव्हा मला वाटलं, हा आता पुढं वाकतोय का काय.

हे स्थळ आणलं कारखान्याच्या फोरमननं.

फोरमन आणि दाजी एका शाळेतले, एका बाकावरचे. एकाच दिवशी कारखान्यात लागले. हा पुढं फोरमन झाला, दाजी भट्टीवरच राहिले. पण घरात काही ठरवायचं असलं की दाजी म्हणायचे, "थांब, त्याला विचारून सांगतो." चिमी चिडायची. म्हणायची, "तुम्ही लग्न माझ्याशी केलंय की भाऊजींशी?" दाजी हसायचे आणि तरीही विचारूनच यायचे.

फोरमन सांगेल ते दाजींना देवाचं वाक्य.

कारखान्यात आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून दाजी लोखंडी सळईनं ठोका द्यायचे. एक... मग जरा थांबून दोन.

टण्... टण् टण्.

म्हणजे रस तयार आहे. तीच सवय घरी. कामावरून आले की दाराच्या जाळीवर किल्लीनं तोच ठोका. चिमी आतून ओरडायची, "आलं बाई, माझं लोखंड आलं."

आता त्या कामाचं थोडं सांगतो. रसाचं मोठं भांडं असतं, माणूस उभा मावेल एवढं. त्याला लॅडल म्हणतात. रसावर मळी येते, दुधावर साय येते तशी. ती लांब सळईनं ओढून काढायची. त्यासाठी भांड्याच्या वर एक लोखंडी फळी होती. फळीवर उभं राहायचं, मळी ओढायची.

फळीला कठडा होता.

होता म्हणजे... क्रेनचा हूक त्याला अडकायचा, म्हणून एक दिवस कापून काढला. सोयीचा करून परत जोडणार होते. तोवर तिथं दोरी बांधली. मग ती दोरी कुणाला तरी दुसरीकडे लागली.

दाजींनी फोरमनला सांगितलं. पुन्हा सांगितलं. फोरमन म्हणायचा, "करतो रे. वेल्डर मोकळा होऊ दे." वेल्डर काही मोकळा झाला नाही. बाकी सगळ्या कामांना मोकळा होता.

त्या दिवशी दाजी फळीच्या पायऱ्यांशी थांबले. हे मला नंतर क्रेनवाल्यानं सांगितलं. थांबले आणि खाली फोरमनकडे बघितलं.

फोरमन म्हणाला, "चढ. काही होत नाही. मी आहे ना खाली."

दाजी चढले.

पुढचं मी सांगणार नाही. तुम्हाला कळलंय.

काही उरलं नाही. अंगठी नाही, पट्ट्याचं बक्कल नाही. पायऱ्यांशी काढून ठेवलेला जेवणाचा डबा तेवढा होता. चिमीला तो दिला, तेव्हा डबा अजून भरलेला होता.

या धंद्यात एक नियम आहे. कुठल्या कागदावर नाही, पण ओतकाम करणारा माणूस, कुठल्याही मुलखातला असो, तो पाळतो. ज्या रसानं माणूस घेतला, तो रस साच्यात ओतायचा नाही. एक थेंब नाही. भांड्यातच निवू द्यायचा. गोळा झाला की आवारात खड्डा खणून पुरायचा आणि वर दगड ठेवायचा.

कारण माणूस त्या गोळ्यात असतो. वेगळा काढता येत नाही.

फोरमननं सगळ्या कामगारांना गेटबाहेर काढलं. म्हणाला, "पैलवान माझा भाऊ होता. त्याचं जे करायचं ते मी माझ्या हातानं करीन. तुम्ही बघू नका." लोक रडले. मीही रडलो. कारखाना आठवडाभर बंद ठेवला, भट्टी विझवली. आम्हाला आत बोलावलं तेव्हा मागच्या भिंतीपाशी ताजी माती होती आणि तिच्यावर एक मोठा दगड.

फोरमननं चिमीच्या डोक्यावर हात ठेवला. "वहिनी, तो इथं आहे. जेव्हा वाटेल तेव्हा या. गेटवर कुणी अडवणार नाही."

चिमी रोज जायला लागली.

त्याच आठवड्यात फोरमनचा मला फोन आला. झाकणं पोचवायची होती, गटारांची. पालिकेनं गावभर जुनी झाकणं बदलायला काढली होती. मी म्हटलं, घरात हे असं झालंय. तो म्हणाला, "तूच ने. दुसऱ्या कुणाला सांगवत नाही." मला वाटलं, बिचाऱ्याला आपल्या माणसाचा आधार वाटत असेल.

त्यानं स्वतः उभं राहून माल चढवला. वर ताडपत्री टाकली. निघताना खिडकीशी येऊन म्हणाला, "सावकाश ने."

एवढंच. माझ्याकडे न बघता.

वाटेत पावसाची एक भुरभुर आली. चहाला थांबलो, तेव्हा ताडपत्रीतून वाफ निघत होती... हलकी. माणूस थंडीत तोंडातून सोडतो तशी. मी म्हटलं, ताजा माल दिसतोय. आणि चहा प्यायलो.

आता बघा, एवढी वर्षं मी दुसऱ्यांना बनवत आलो. मला बनवणारा माणूस कसा दिसतो, हे मला ओळखूच आलं नाही.

थंडी सुरू झाली.

एक दिवस चिमी माझ्याकडे आली. दारातच म्हणाली, "दादा, ते तिथं नाहीत."

"कुठं?"

"दगडाखाली."

मी तिला बसवलं. पाणी दिलं. म्हटलं, "चिमे, असं होतं. मन मानत नाही."

"मन नाही रे. मी रोज जाते, बोलते. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. आणि..."

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आणि ते घरी ठोका देतात."

माझी बायको आतून बाहेर आली. माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू बहिणीला हे मीच शिकवलंय.

"दारावर?" मी विचारलं.

"नाही. मोरीत."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्याकडे गेलो. नळाला पाणी यायची ती वेळ. आम्ही दोघं मोरीच्या उंबऱ्यावर बसलो. समोर पाणी वाहून जायचं भोक, त्यावर पत्र्याची जाळी. मी मनात म्हटलं, नळ येताना पाइप वाजतात, दुसरं काय असणार.

नळ आला. पाइप वाजले. मग नळ नीट वाहायला लागला आणि सगळं शांत झालं.

मग...

टण्.

भोकातून. खालून, लांबून.

टण् टण्.

चिमीनं माझ्याकडे बघितलं नाही. ती भोकाकडे वाकून हळूच म्हणाली, "आलं बाई, माझं लोखंड आलं."

मी उठलो. काहीतरी करायला हवं म्हणून बाहेर आलो. मोरीचं पाणी घराबाहेर जातं, गल्लीतल्या गटाराला मिळतं. गटार झाकलेलं, वर जागोजाग लोखंडी झाकणं. नवीन. चौकडीच्या नक्षीची. मीच आणलेली, दोन-तीन खेपांत.

पहाटेचं दव पडलेलं. प्रत्येक झाकण ओलं, पांढुरकं झालेलं.

चिमीच्या दारापुढचं सोडून.

ते कोरडं होतं.

त्यावर शिंप्याची मांजर पोट टेकून झोपली होती. थंडीतली मांजर चुलीशी झोपते तशी, चारी पाय पसरून.

मी मांजरीला बाजूला सारलं. हात ठेवला.

कोमट होतं.

मांजरीच्या अंगाची ऊब असेल म्हणून मी थांबलो. मांजर रागावून निघून गेली. ऊब तेवढीच राहिली. तापलेल्या लोखंडाची नाही ती, ती मला चांगली माहीत आहे. ही वेगळी. झोपलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला तर लागते, तेवढीच.

मागं चिमी उभी होती. तिनं चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल त्या झाकणावर ठेवलं. मग लगेच काढून घेतलं. पाय लागला म्हणून वाकून नमस्कार केला.

"दादा," ती म्हणाली, "ही झाकणं कधी ओतली रे?"

मी म्हटलं, "शेवटची खेप त्याच आठवड्यात तर मी..."



त्या आठवड्यात कारखाना बंद होता. भट्टी विझलेली होती. दाजींसाठी. मग हा माल ओतला कधी, आणि कोणत्या रसाचा?

एकच रस होता त्या कारखान्यात.

आणि मी तो गावभर पोचवून आलो होतो. माझ्या ट्रकमधून. सावकाश.

पुढचे काही दिवस आम्ही भाऊबहीण पहाटे गाव फिरलो. दव पडलं की ओळखणं सोपं. कोरडं झाकण दिसलं की चिमी खाली बसायची, हात ठेवायची. एक बाजाराच्या तोंडाशी. एक शाळेच्या फाटकासमोर. एक बस वळतात तिथं, दिवसभर चाकांखाली. लोक विचारायचे, बाई काय हरवलं? ती म्हणायची, "सापडतंय."

एकदा फक्त म्हणाली, "किती ठिकाणी टाकलं रे त्यांना."

मी म्हटलं, फोरमनच्या नरड्याला हात घालतो. ती म्हणाली, "नको. मला भाऊजींच्या तोंडून ऐकायचंय. एकदा खरं बोलू देत. मग आपण ही सगळी काढू आणि एका जागी ठेवू. मला यांना एका जागी ठेवायचंय, दादा. बाकी काही नको."

तिनं त्याला निरोप धाडला.

ती हीच सकाळ, जी मी सुरुवातीला सांगितली.

फोरमन इस्त्रीचा शर्ट घालून आला. केस नीट विंचरलेले. हातात फळांची पिशवी. "काय वहिनी, सकाळीच आठवण? सगळं ठीक ना?"

"ठीक. यावर हात ठेवा, भाऊजी."

"कशावर?"

"या झाकणावर."

तो हसला. माझ्याकडे बघितलं. मी हसलो नाही. "गटाराचं आहे हो ते, वहिनी."

"मी धुतलंय."

समोर शिंप्याचा हात शटरवरच थांबला. फोरमनला नाही म्हणता येईना. पिशवी खाली ठेवून तो उकिडवा बसला. उजवा तळवा झाकणावर टेकला.

चिमी त्याच्यासमोर बसली.

"आता सांगा. हे कुठं आहेत?"

"कारखान्यामागं, वहिनी. दगडाखाली. माझ्या हातानं पुरलाय त्याला."

"आणि हे काय आहे?"

"झाकण."

"हाताला कसं लागतंय?"

त्याच्या कपाळावर घाम आला... त्या थंडीत.

"थंड आहे," तो म्हणाला.

मला वास आला.

ट्रकच्या तापलेल्या सायलेन्सरला माझं मनगट एकदा चिकटलं होतं. तो वास माणूस विसरत नाही. मी खाली बघितलं. त्याच्या बोटांच्या फटीतून बारीक धूर निघत होता.

"भाऊजी, हात काढा," चिमी म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "खरं बोला आणि हात काढा. मी काही म्हणणार नाही."

"थंड आहे, वहिनी."

चर्र... असा आवाज. अगदी बारीक. तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओठ पांढरे पडलेले. मी त्याचं मनगट धरलं, ओढलं. हलेना. माणूस दाबून बसला होता. त्याला नक्की कुणाची भीती होती, मला माहीत नाही. मालकाची, आमची, की स्वतःच्याच तोंडून ते शब्द बाहेर पडतील याची.

"बर्फासारखं थंड आहे," तो म्हणाला. आणि मग खाली, झाकणाकडे बघून, ओरडल्यासारखा, "तो इथं नाही. इथं कधी नव्हताच."



मग खालून...

टण्.

एकच.

आम्ही वाट बघितली. चिमीनं श्वास धरून ठेवला होता. पुढचे दोन ठोके आले नाहीत.

फोरमनचा हात सुटला. तो मागं पडला, उठला आणि पिशवी तिथंच टाकून चालू लागला. हात छातीशी धरलेला. तळव्यावर झाकणाची चौकडी उमटली होती, साच्यातून काढल्यासारखी स्वच्छ.

मी झाकणाला हात लावला.

थंड. नुसतं लोखंड.

चिमीनं दोन्ही हात लावले. मग गाल टेकवला. गल्लीत सगळे बघत होते, तिला भान नव्हतं. बऱ्याच वेळानं उठून बसली.

"त्यांनी ऐकलं, दादा."

"काय?"

"भाऊजी म्हणाले तू इथं नाहीस. आणि हे निघून गेले." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "त्यांचा शब्द यांनी कधी खाली पडू दिला का? चढ म्हटलं, चढले. नाहीस म्हटलं, नाहीत."

त्याच दिवशी आम्ही बाकीची झाकणं बघितली. बाजारातलं, शाळेसमोरचं, बसच्या वळणावरचं. सगळी थंड. दुसऱ्या पहाटे सगळ्यांवर सारखंच दव होतं. मोरीतून ठोका आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी गप्प बसलो नाही. कामगारांना जाऊन सांगितलं. भूतबीत काही बोललो नाही, माझं नाव आधीच बदनाम. फक्त विचारलं, भट्टी बंद होती तर झाकणं आली कुठून? क्रेनवाला उठला, त्याच्यामागं सगळे उठले. मागच्या भिंतीपाशी दगड हलवला, माती उकरली.

खाली फुटक्या साच्यांची वाळू होती. पोत्यात भरलेली. पोत्याचं तोंड नीट शिवलेलं.

चिमी त्या पोत्याशी इतके दिवस बोलत होती.

कामगारांनी भट्टी पेटू दिली नाही. मालकानं कानावर हात ठेवले, सगळं फोरमनवर ढकललं आणि त्याला काढून टाकलं. फळीला कठडा लागला. वेल्डर एका दुपारीत मोकळा झाला.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. मी रचली असती तर इथंच संपवली असती.

थंडी सरता सरता एका दुपारी मी चिमीकडे होतो. फोरमन दारात येऊन उभा राहिला. ओळखू येईना. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं.

मी उठलो तो त्याला हाकलायलाच. तो माझ्याशी बोललाच नाही. उंबऱ्यावर बसला.

"वहिनी, हा हात निवत नाही."

"डॉक्टरकडे जा," मी म्हटलं. "इथं दवाखाना नाही."

"गेलो. जखम भरलीय म्हणतात. ताप नाही म्हणतात. अंग सगळं गार, हा एवढाच..." त्यानं फडकं सोडलं. चौकडी तशीच होती, गुलाबी झालेली. "बादलीत बुडवून झोपतो. सकाळी बादलीतलं पाणी कोमट."

चिमी भिंतीशी उभी होती.

"रस ओतला आम्ही," तो म्हणाला. विचारलं नव्हतं, तरी. "मालक म्हणाला एवढं लोखंड मातीत घालायचं का. मी नको म्हटलं. तो म्हणाला, मग तूही घरी बस. मीच ओतला, वहिनी. भांडं मीच वाकवलं. आता मी रोज त्याला सांगतो, मी खोटं बोललो, तू जा तुझ्या घरी. तो ऐकत नाही. जन्मभर ऐकलं माझं, आणि आता ऐकत नाही."

मला वाटलं, चिमी आता त्याच्या थोबाडीत मारेल. मी तर वाटच बघत होतो.

ती पुढं आली. त्याच्यासमोर बसली. त्याचा तो हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

आणि डोळे मिटले.

फोरमनचा चेहरा बाजूला वळलेला होता. पण त्याच्या त्या हाताचं एक बोट हललं. तो हलवत नव्हता, मी शपथेवर सांगतो, त्यालाही ते दिसलं आणि तो दचकला. नख तिच्या बांगडीवर आपटलं.

टिक्... टिक् टिक्.

माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मला बघायचं नव्हतं. लग्नाच्या दिवशी ती तशी दिसली होती.

त्याला घरी कुणी नाही. बायको कधीच गेलेली, मुलं विचारत नाहीत. चिमीनं त्याला मागची खोली दिली.

गल्ली म्हणते, बाईचं मन किती मोठं. ज्यानं केसानं गळा कापला, त्याला दोन वेळचं खायला घालते. शिंप्यानं तर मला थांबवून सांगितलं, "तुमची बहीण देवमाणूस आहे हो." मी मान हलवली. त्याला कसं सांगू? ती ताट घेऊन आत जाते तेव्हा फोरमनशी एक शब्द बोलत नाही. तोंडाकडे बघत नाही. ताट ठेवते, बाजेशेजारी बसते, हात ओढून मांडीवर घेते. आणि त्या हाताशी बोलते. आज भाजी कशी झाली, नळ केव्हा आला, दादाची गाडी कुठं अडकली. फोरमन भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. त्याला तिथून जायचंय. एकदा मला हळूच म्हणाला, "मला सोडव रे." मी म्हटलं, दार उघडंच आहे. तो म्हणाला, "दार उघडं असतं. हात निघत नाही."

या थंडीत तो आजारी पडलाय. छातीचं दुखणं. भट्टीपाशी उभं राहणाऱ्यांना होतं तेच. डॉक्टर येऊन गेला, बाहेर येऊन मला बाजूला घेतलं आणि नुसती मान हलवली.

चिमीनं ते पाहिलं.

काल गेलो तेव्हा ती बाहेरच्या खोलीत औषध मोजून घेत होती. आत तो खोकत होता. तिनं बाटली खाली ठेवली. पदराला हात पुसले. मी लहानपणापासून तिच्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर देत आलोय.

ती म्हणाली, "दादा, माणूस गेला की त्याचा हात किती वेळ ऊन राहतो रे?"

मी काही बोलायच्या आत आतला खोकला थांबला.

ती पळत आत गेली.